खडकातला विहार आणि पोलादातला खळगा : हत्याराच्या वाटेचे शास्त्र

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाकडे लेख मागितला, की तो १९२७ सालच्या अमरावतीच्या अंबादेवी मंदिर-प्रवेशाच्या चळवळीवर किंवा नागपूरच्या धम्मदीक्षेवर लिहील, असे संपादक मंडळाने गृहीत धरलेले असते. या विषयांवर आम्ही पूर्वी लिहिले आहे आणि पुढेही लिहू. या वेळी मात्र सीएनसी मिलिंग यंत्रावर हत्यार कोणत्या वाटेने फिरवावे, हा विषय आम्ही निवडला आहे. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेली आणि पुढे आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलेली कितीतरी मुले आज अमरावतीच्या सातुर्ण्याच्या, अकोल्याच्या शिवणीच्या, वाळूजच्या आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतींत या यंत्रापुढे उभी आहेत. दिवाळीत गावी आली की ती आपल्या कामाविषयी बोलतात, घरची माणसे कौतुकाने मान डोलावतात. पण मुलगा नेमके काय करतो, हे शेजाऱ्याला सांगायची वेळ आली की आईबाप ‘कंपनीत आहे’ एवढेच सांगून थांबतात. त्यांना त्यापुढचे सांगता यावे, हा या लेखाचा पहिला हेतू. दुसरा ओघात येईल.

विषय यंत्राचा असला तरी सुरुवात आम्ही आमच्या प्रांतातूनच करतो. आजचे वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते, ते प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, त्याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. तेव्हा अजिंठा आज दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी त्याचा वऱ्हाडशी संबंध जुना आहे. आमच्या सहली दरवर्षी तेथे जातात. मुले पहिल्या आणि सतराव्या लेण्यातील चित्रांपुढे थांबतात, आणि थांबावेच. परंतु तंत्र शिकायचे असेल तर चोविसाव्या लेण्यात थांबावे. हे लेणे अपुरे राहिले. पूर्ण झाले असते तर तेथील सर्वांत मोठ्या विहारांत त्याची गणना झाली असती. अपुरे राहिल्यामुळेच ते आपल्याला कारागिरांची रीत दाखवते.

ती रीत अशी. खडकात अखंड पोकळी करायची म्हणून कारागिरांनी सगळीकडे एकदम घाव घातले नाहीत. त्यांनी आधी खडकात खोलवर लांब गल्ल्या खोदल्या. दोन गल्ल्यांमध्ये दगडाची भिंत उरली. मग ती भिंत बाजूने फोडून काढली, आणि जेथे खांब हवा तेथे तेवढा दगड राखला. बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवून ठेवले आहे. दुसरी गोष्ट, काम वरून खाली होत गेले. छत आधी पुरे करायचे, कारण उभे राहायला पायाखाली न फोडलेला खडक असतो, परांची बांधावी लागत नाही, आणि नंतर पडणाऱ्या दगडाने झालेले काम बिघडत नाही. तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. ज्या भिंतीवर मातीचा गिलावा बसून चित्र येणार, ती भिंत छिन्नीच्या घावांसकट खडबडीत ठेवली, कारण गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही. आणि तथागतांची मूर्ती जेथे यायची, तेथे मात्र अखेरचा हात अत्यंत बारीक. सफाई कोठे हवी आणि कोठे नको, याचा निर्णय छिन्नी उचलण्याआधीच झालेला होता.

मातीचे मडके बनवताना चूक झाली तर माती पुन्हा लावता येते. खडकातून आणि पोलादातून मात्र फक्त काढता येते. सीएनसी मिलिंग हे असे काढण्याचे काम आहे. पोलादाचा ठोकळा व्हाइसमध्ये घट्ट पकडलेला असतो. त्याला कारखान्यात जॉब म्हणतात. वर स्पिंडलमध्ये एंडमिल नावाचे, बाजूलाही आणि टोकालाही धार असलेले हत्यार मिनिटाला हजारो फेरे घेत असते. डावे-उजवे, मागे-पुढे आणि वर-खाली या तीन दिशांनी हत्यार व जॉब यांची एकमेकांच्या संदर्भात हालचाल होते. ती किती आणि किती वेगाने व्हावी, हे अक्षरे आणि आकडे यांच्या ओळींत लिहून यंत्राला दिलेले असते. त्या ओळी म्हणजे प्रोग्रॅम, आणि त्यातून हत्याराची जी वाट आखली जाते तिला टूलपाथ म्हणतात. यंत्र आज्ञाधारक आहे; वाट चुकीची असेल तर ते तितक्याच निष्ठेने चुकीच्या वाटेने जाते आणि हत्यार व्हाइसवर आदळते.

काम दोन टप्प्यांत होते. नको असलेला बहुतेक धातू झपाट्याने काढून टाकणे म्हणजे रफिंग. या टप्प्यात भिंतीवर आणि तळावर साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर धातू मुद्दाम राखतात. तो राखलेला थर नंतर हलक्या हाताने काढून नेमके माप आणि सफाई आणणे म्हणजे फिनिशिंग. दोन्ही टप्प्यांत हत्यार तेच असले तरी त्यांचा धर्म वेगळा आहे. पहिल्यात वेळ आणि हत्याराचे आयुष्य पाहायचे, दुसऱ्यात माप आणि पृष्ठभाग. पुष्कळ वर्कशॉपांत दोन्ही एकाच सावध चालीने उरकतात, आणि तेथेच वेळ आणि पैसा वाया जातो.

उदाहरण घेऊ. अकोल्यात डाळमिल पुष्कळ, त्यांचे सुटे भाग बनवणारे वर्कशॉपही आहेत. समजा, एका भागात १२० मिलिमीटर लांब, ८० रुंद आणि २० खोल असा खळगा करायचा आहे. म्हणजे १९२ घन सेंटिमीटर पोलाद बाहेर काढायचे. हत्यार १० मिलिमीटर व्यासाचे, चार धारांचे, कार्बाइडचे. साध्या पोलादात धारेचा वेग मिनिटाला १२० मीटर धरला तर स्पिंडलचे फेरे सुमारे ३८२० येतात. हा हिशेब दहावीच्या वर्तुळाच्या परिघाचाच आहे : १२० मीटरला परिघाने भागायचे. दर फेऱ्यात प्रत्येक धारेने ०.०५ मिलिमीटर कापायचे ठरवले, तर हत्यार मिनिटाला सुमारे ७६४ मिलिमीटर पुढे सरकते. जुन्या सवयीप्रमाणे हत्यार पूर्ण रुंदीने धातूत घालून एका वेळी २ मिलिमीटर खोल कापत गेलो, तर मिनिटाला सुमारे १५ घन सेंटिमीटर धातू निघतो. खळगा पुरा व्हायला साडेबारा मिनिटे. असे दहा थर घ्यावे लागतात.

आता या पद्धतीत हत्यारावर काय गुदरते ते पाहा. पूर्ण रुंदीने कापताना हत्याराचे अर्धे वर्तुळ, म्हणजे १८० अंश, सतत धातूत असते. प्रत्येक धार अर्धा फेरा तापते आणि अर्धा फेरा निवते. चिपांना बाहेर पडायला जागा नसते, त्या पुन्हा धारेखाली येतात. शिवाय हत्याराला २० मिलिमीटरहून अधिक लांबीची धार असताना झिजते ते फक्त खालचे २ मिलिमीटर. वरची धार नवीकोरी असताना हत्यार फेकून द्यावे लागते. आपल्या आया खुरप्याचे नुसते टोक वापरून सबंध खुरपे टाकून देत नाहीत.

दुसरी वाट अशी. हत्यार एकदम २० मिलिमीटर खोल उतरवायचे, पण बाजूने मात्र फक्त १ मिलिमीटर धातू घ्यायचा. व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढीच ही रुंदी असल्यामुळे हत्याराचा धातूतला कोन १८० अंशांवरून सुमारे ३७ अंशांवर येतो. धारेला निवायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून तिचा वेग मिनिटाला १८० मीटरपर्यंत, म्हणजे फेरे सुमारे ५७३० पर्यंत वाढवता येतात. येथे आणखी एक बारकावा आहे, आणि तो अनुभवी ऑपरेटरांनाही पुष्कळदा कोणी सांगितलेला नसतो. इतक्या कमी रुंदीत कापताना चिपेची जाडी आपण ठरवलेल्या मापापेक्षा कमी भरते. या उदाहरणात ती सहा-दशांशच राहते. चिप फार पातळ झाली की धार कापण्याऐवजी घासते, आणि घासणारी धार लवकर मरते. तेव्हा ०.०५ ऐवजी दर धारेला सुमारे ०.०८३ मिलिमीटर द्यायचे, म्हणजे चिपेची खरी जाडी पूर्वीइतकी होते. हत्यार आता मिनिटाला १९०० मिलिमीटर धावते आणि सुमारे ३८ घन सेंटिमीटर धातू काढते, म्हणजे पहिल्याच्या अडीचपट. कागदावर खळगा पाच मिनिटांत होतो. परतीच्या मोकळ्या हालचाली धरल्या तर सहा-सात. झीज वीस मिलिमीटरच्या धारेवर वाटली जाते, ते वेगळेच. ज्याला ‘हळूहळू, सांभाळून’ म्हणतात ती चाल येथे हत्याराला अधिक छळते. मात्र एवढ्या खोलीला जॉबची पकड पक्की हवी आणि होल्डर निरोगी हवा. ढिल्या व्हाइसवर हा प्रयोग करू नये.

आता वाटेचा प्रश्न. खळग्याच्या कडेला समांतर अशी चौकोनी वळसे घेणारी वाट आखणे सोपे, आणि पूर्वी सर्वत्र तीच वापरत. अशा वाटेत सरळ रेषेत हत्याराचा धातूतला कोन ठरलेला राहतो. रुंदी व्यासाच्या निम्मी असेल तर तो ९० अंश. पण कोपरा आला की समोरही धातू आणि बाजूलाही धातू. कोन क्षणात जवळजवळ दुप्पट होतो. हत्यार कर्कश ओरडते, भिंतीवर लाटा उमटतात, आणि एखादे दिवशी ते तुटते. मग ऑपरेटर काय करतो? सबंध कामाचा वेग कमी करतो. चार कोपऱ्यांच्या भीतीने सगळी सरळ वाट हळू चालायची, असा हा प्रकार.

यावरचा उपाय म्हणजे धातूतला कोन सर्वत्र सारखा राहील अशी वाट आखणे. हिला अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा ट्रोकॉइडल वाट म्हणतात. हत्यार कोपऱ्यात एकदम घुसत नाही. लहान लहान चंद्रकोरी कापत, दर वेळी मागे फिरत, कोपरा थोडा थोडा खाते. पडद्यावर ही वाट पाहिली तर ती गोंधळाची वाटते, पहिली वाट नीटनेटकी दिसते. दिसण्यावर जाऊ नये. अरुंद खाचेतही हेच; खाच १४ मिलिमीटरची असेल तर १४ चे हत्यार घालून ती ओढत नेण्यापेक्षा १० च्या हत्याराने गोल गोल फिरत पुढे जावे. चोविसाव्या लेण्यातील कारागिरांनी गल्ली खोदून मधली भिंत बाजूने फोडली, त्यामागेही हेच शहाणपण होते. चोहोबाजूंनी बांधलेल्या दगडापेक्षा एक बाजू मोकळी असलेला दगड थोड्या बळाने निघतो.

धातूत शिरण्याची रीतही वाटेचाच भाग आहे. एंडमिलच्या टोकाच्या मध्यभागी धारेचा वेग जवळजवळ शून्य असतो, म्हणून त्याला सरळ खाली खुपसणे म्हणजे खिळा ठोकण्यासारखे. त्याऐवजी दोन-तीन अंशांच्या उताराने किंवा जिन्यासारखे गोल फिरत खाली उतरावे. फिरण्याच्या दिशेचेही तसेच. धार जाड चिपेने सुरुवात करून पातळ चिपेने बाहेर पडेल, अशी दिशा ठेवली की पृष्ठभाग स्वच्छ येतो. हिला क्लाइंब मिलिंग म्हणतात. जुन्या हाती यंत्रांच्या स्क्रूमध्ये ढिलाई असे. अशा यंत्रावर या दिशेने कापले तर हत्यार जॉबला आपल्याकडे ओढून घेई. म्हणून त्या काळचे उस्ताद उलट दिशेने कापायला शिकवत. सीएनसीच्या बॉल-स्क्रूमध्ये ती ढिलाई फारशी नसते, तरी शिकवण मात्र तशीच चालू राहिलेली दिसते. इतिहासाच्या शिक्षकाला याचे नवल वाटत नाही. कारण निघून गेल्यावरही रूढी टिकते, हे आम्ही वर्गात दुसऱ्या संदर्भात शिकवतच असतो.

लहान वर्कशॉपातील जुन्या यंत्रांविषयी एक सावधगिरी. अ‍ॅडॅप्टिव्ह वाटेत हजारो बारीक तुकडे असतात. जुन्या कंट्रोलरला पुढच्या ओळी वेळेत वाचता आल्या नाहीत, तर यंत्र अडखळत चालते आणि सगळा फायदा जातो. अशा वेळी बारीक रेषांऐवजी वर्तुळखंडांच्या आज्ञा वापरून प्रोग्रॅम आटोपशीर करावा. हत्यार होल्डरमधून गरजेपुरतेच बाहेर काढावे, कारण बाहेर काढलेली लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराने ते आठपट वाकते. हा आकडा यंत्राशेजारी भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

फिनिशिंगमध्ये हिशेब बदलतो. साच्याचा वक्र पृष्ठभाग गोल टोकाच्या, म्हणजे बॉलनोज हत्याराने करतात. हे हत्यार शेजारी-शेजारी ओळी काढत जाते, आणि दोन ओळींमध्ये वरंबा उरतो. शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. वरंब्याची उंची दोन ओळींतील अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागले की मिळते. ६ मिलिमीटर व्यासाचे हत्यार आणि ०.६ मिलिमीटर अंतर असेल तर वरंबा १५ मायक्रॉन, अंतर ०.३ केले तर पावणेचार. अंतर निम्मे केले की वरंबा चौथाई होतो, वेळ मात्र दुप्पट लागतो. म्हणून कोणत्या पृष्ठभागाला किती सफाई हवी, हे आधी विचारावे. जो भाग दुसऱ्या भागाखाली झाकला जाणार, त्यावर तासभर ओळी काढत बसणे म्हणजे गिलावा येणारी भिंत घोटत बसणे.

उभ्या भिंतींना आणि सपाट भागांना एकच वाट लावू नये. समांतर ओळींची वाट सपाट भागावर छान चालते. चढावर त्याच ओळी एकमेकींपासून दूर पडतात आणि वरंबे उंच होतात. उभ्या भागात तळ्याच्या पाण्याची पातळी उतरत जावी तसे समान उंचीचे वळसे घेत खाली यावे. रफिंगच्या मोठ्या हत्याराला जे आतले कोपरे पोहोचले नाहीत, तेथे लहान हत्याराने तेवढाच उरलेला धातू आधी काढावा. नाहीतर फिनिशिंगचे नाजूक हत्यार हलके काम समजून कोपऱ्यात जाते आणि तेथे पहाड उभा असतो. बॉलनोजचा आणखी एक फसवा गुण म्हणजे थोड्या खोलीवर त्याचा खरा कापणारा व्यास फार लहान असतो. ६ मिलिमीटरचे हत्यार ०.२ मिलिमीटर खोल कापत असेल तर प्रत्यक्ष व्यास सुमारे २.१५ मिलिमीटर. फेऱ्यांचा हिशेब ६ वर केला तर धार ठरवलेल्या वेगाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने चालते, आणि मग ‘हत्यार खराब आहे’ अशी तक्रार होते.

आता दुसरा हेतू. ही वाट कोण आखतो?

आकड्यांनी चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाले. त्यामागे जॉन पार्सन्स यांची कल्पना आणि तेथील हवाई दलाचा पैसा होता. त्याच काळात दुसरीही एक पद्धत पुढे आली होती : कुशल कारागिराने यंत्र हाताने चालवायचे, त्याच्या हालचाली फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करायच्या. डेव्हिड नोबल या इतिहासकारांनी ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या १९८४ च्या ग्रंथात या दोन पद्धतींचा इतिहास मांडला आहे. दुसरी पद्धत मागे पडली, यामागे केवळ तांत्रिक कारणे नव्हती; पहिलीत ज्ञान कारागिराच्या हातातून निघून कार्यालयातील टेबलावर जात होते आणि व्यवस्थापनाला ते हवे होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वक्र पृष्ठभागांच्या कामात आकड्यांची पद्धत उजवी होती, हे आम्हांला मान्य आहे. पण नोबल यांचा प्रश्न आपल्या समाजाला चांगलाच ओळखीचा वाटावा. १९३६ सालच्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की जातिव्यवस्था श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते आणि त्यांना एकावर एक रचते. यंत्रशाळेत एकाने वाट आखायची आणि दुसऱ्याने हिरवे बटण दाबून जॉब बदलत राहायचे, ही रचना जन्मावर ठरत नाही, हे खरे. तरीही बटणापाशी कोणाची मुले उभी असतात आणि संगणकापाशी कोणाची, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या ठिकाणी पाहावे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळात कुशल तंत्रज्ञ तयार करण्याची तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती, आणि बेव्हिन योजनेखाली भारतीय तरुण कामगार प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले जात होते. आजच्या आयटीआयचा पाया असलेली कारागीर प्रशिक्षण योजना त्यानंतर, १९५० साली आली. कारखान्याच्या कामाला बाबासाहेबांनी कधी हलके मानले नाही. त्या कामातील ज्ञान कामगाराला मिळावे, याची व्यवस्था त्यांनी पाहिली. आपण मात्र मुलगा मशिनिस्ट झाला की शिक्षण संपले असे मानतो आणि पुढच्या वर्षीच्या स्थळांची चौकशी सुरू करतो.

ऑपरेटरपासून प्रोग्रॅमरपर्यंतचे अंतर दिसते तेवढे मोठे नाही. वर केलेल्या सगळ्या हिशेबांत परीघ, वर्ग, वर्गमूळ आणि थोडी त्रिकोणमिती यापलीकडे गणित नाही. छत्रपती संभाजीनगरातील इंडो-जर्मन टूल रूममध्ये यासाठीचे अभ्यासक्रम चालतात. ज्यांना तेथे जाणे परवडत नाही त्यांच्यासाठी फ्रीकॅड हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. त्यात जॉबचे चित्र काढता येते, अ‍ॅडॅप्टिव्ह वाट आखता येते आणि ती पडद्यावर चालवूनही पाहता येते. आपल्या शाळेच्या संगणक कक्षात ते बसवता येईल. सुटीत येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी जो कोणी दोन दिवस देईल, त्याने नववी-दहावीच्या मुलांना १२० बाय ८० बाय २० चा तोच खळगा काढायला लावावा, आधी चौकोनी वळशांची वाट, मग दुसरी, आणि दोन्हींचा वेळ फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावा. मुलींनाही बसवावे, आयटीआयच्या मशिनिस्ट वर्गात त्यांना मज्जाव नाही, आपण पाठवत नाही एवढेच.